गोष्टीचं मूळ कसं खोदावं: तीन अस्वलांच्या घरातली म्हातारी

‘गोल्डिलॉक्स आणि तीन अस्वलं’ या गोष्टीचं मूळ शोधायचं असेल तर सर्चमध्ये ‘गोल्डिलॉक्स’ लिहू नका. ते नाव गोष्टीला १९०४ च्या सुमाराला चिकटलं. त्या नावाने शोधत गेलात की विसाव्या शतकाच्या अलीकडेच घुटमळत राहाल. गोष्ट त्याआधी सत्तरेक वर्षं तरी पुस्तकांतून फिरत होती, आणि सुरुवातीच्या पुस्तकांत सोनेरी केसांची मुलगी नाहीच. तिच्या जागी एक म्हातारी आहे. तीही चांगलीच आगाऊ, तोंडाळ आणि हात मारायची सवय असलेली.

मी शाळेत चित्रकला शिकवते. संशोधक वगैरे नाही. जुनी चित्रांची पुस्तकं जमवायचा नाद आहे, आणि त्या नादापायी एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून बघायची सवय लागली. पालक, शिक्षक, ग्रंथपाल मला विचारतात की अमुक गोष्ट मुळात कुणाची, कशी शोधायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण एकच घेते, तीन अस्वलांचं, कारण तिच्या जन्माचे कागद बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि तिच्यात चित्रांनी केलेली ढवळाढवळ स्पष्ट दिसते. इंग्रजी जेमतेम वाचता येत असलं तरी पुरे. लहान मुलांची पुस्तकं आहेत, वाक्यं सोपी असतात.

आधी एक जाड वही घ्या आणि ती आडवी धरा. रकाने पाडा: आगंतुक कोण, अस्वलं एकमेकांची कोण, वाडग्यात काय, काय मोडलं, शेवट काय. त्याच्या आधी दोन रकाने वर्षांचे. एक छापल्याचं वर्ष आणि दुसरं ऐकल्याचं वर्ष. ही दोन वर्षं वेगळी का ठेवायची ते पुढे म्हातारीऐवजी कोल्हा असलेल्या आवृत्तीशी पोचलो की कळेल. प्रत्येक आवृत्तीला एक ओळ. ‘गोष्ट साधारण तीच आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. मूळ सापडतं ते या असल्या फुटकळ तपशिलांतून. कथासूत्र सगळीकडे सारखंच असतं, बदलतात त्या खुर्च्या, चमचे आणि खिडक्या.

आता शोध. पुस्तकाचं नाव न टाकता गोष्टीतलं ठरलेलं वाक्य टाका. मुलांना तोंडपाठ होणारी वाक्यं शतकभर टिकतात, नावं टिकत नाहीत. इथे ‘माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य किंवा ‘ग्रेट, ह्यूज बेअर’ हे शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्सवर किंवा इंटरनेट अर्काइव्हवर टाका, आणि तारखेची मर्यादा १९०० च्या आधीची ठेवा. १८०० च्या आधीचं पुस्तक शोधत असाल तर आणखी एक भानगड लक्षात ठेवा. त्या काळच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांबुडका, ‘एफ’सारखा दिसायचा आणि यंत्र तो ‘एफ’ म्हणूनच वाचतं. तेव्हा ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही शोधून बघा. तीन अस्वलांना याची गरज पडत नाही, लाल टोपीवालीला (‘लिटल रेड रायडिंग हूड’ला) पडेल.

असं शोधत गेलात की रॉबर्ट सदीपाशी पोचता. हा इंग्लंडचा राजकवी, १८१३ पासून त्या पदावर. त्याने ‘द डॉक्टर’ नावाचा एक अघळपघळ ग्रंथ लिहिला, नाव न घालता, कित्येक खंडांत. त्याच्या १८३७ साली निघालेल्या चौथ्या खंडात ही गोष्ट येते. बरीच वर्षं सगळे म्हणायचे, गोष्ट सदीचीच, त्यानेच रचली.

सदीचा मजकूर मुळातून वाचा, सारांशावर भागवू नका. तो सुटा वाचायला मिळतो आणि चार-पाच पानांचाच आहे. त्यात तीन अस्वलं आहेत: लहानगं, मधलं आणि थोरलं. आई-बाप-पिल्लू असं काही नाही, तिघं आपली एका घरात राहतात. लापशी निवेपर्यंत फिरायला जातात. म्हातारी आधी खिडकीतून डोकावते, मग किल्लीच्या भोकातून, आणि कुणी नाही असं बघून कडी काढून आत शिरते. सदी म्हणतो, ती भली म्हातारी असती तर अस्वलं येईपर्यंत थांबली असती आणि त्यांनी तिला बोलावून खाऊ घातलं असतं. पुढे चमच्यांवर एक वाक्य आहे, ते मला फार आवडतं. चमचे लाकडाचे होते, चांदीचे असते तर तिने खिशात घातले असते. खुर्चीचं बूड निसटून ती खाली आदळते तेव्हा ती एक वाईट शब्दही बोलते. कुठला ते सदी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट फक्त छापील पान बघूनच कळते. थोरल्या अस्वलाचं बोलणं ठसठशीत मोठ्या टाइपात छापलं आहे आणि लहानग्याचं अगदी बारीक टाइपात. म्हणजे वाचणाऱ्याने आवाज कुठे फोडायचा आणि कुठे चिरका करायचा हे टाइपच सांगतो. टाइप केलेला मजकूर कुठल्यातरी साइटवर वाचलात तर हे सगळं गळून गेलेलं असतं. म्हणून स्कॅन केलेली पानंच बघायची. मजकूर उतरवून घेणारा माणूस पहिल्यांदा काय फेकत असेल तर टाइपाचा आकार, आणि दुसऱ्यांदा चित्रं.

शेवटी म्हातारी उठते आणि खिडकीतून उडी टाकते. खिडकी उघडी का, तर ती नीटनेटकी अस्वलं होती आणि सकाळी उठल्यावर निजायच्या खोलीची खिडकी उघडायचीच. पुढे तिची मान मोडली, की ती रानात हरवली, की शिपायाने तिला भटकी म्हणून धरून सुधारगृहात टाकलं, ते सदी म्हणतो मला ठाऊक नाही.

शिपायाचं नाव निघालं की पेन्सिलीने खूण करा. रानातल्या बोलत्या अस्वलांच्या घरातून उडी मारली की माणूस थेट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याच्या हातात पडतो. गोष्टीच्या शेवटाला त्या त्या काळातली शिक्षा असते आणि शेवटाचा रकाना सगळ्यांत आधी बोलायला लागतो. हीच गोष्ट १९१८ साली फ्लोरा ॲनी स्टीलबाईंनी ‘इंग्लिश फेअरी टेल्स’मध्ये सांगितली, आर्थर रॅकहॅमच्या चित्रांसह. तिथे वाक्य जवळजवळ सदीचंच, पण म्हातारीच्या जागी गोल्डिलॉक्स, आणि शिपायाच्या जागी शाळा बुडवून उंडारल्याबद्दल चाबकाचे फटके. अपराधी लहान झाला, तशी शिक्षाही घरगुती झाली.

आता अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना वाचायची सवय लावून घ्या. मुलांच्या पुस्तकात ती पानं कुणी वाचत नाही, आणि बदल करणारे लोक नेमके तिथेच कबुली देऊन ठेवतात. म्हातारीची मुलगी कुणी केली? जोसेफ कुंडॉल नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने. त्याच्या ‘ट्रेझरी ऑफ प्लेझर बुक्स’मध्ये, १८५० च्या आवृत्तीत, स्वतःच्या मुलांना उद्देशून एक मजकूर आहे, १८४९ च्या नोव्हेंबरमधला. त्यात तो सांगतो की मी म्हातारीऐवजी छोटी मुलगी केली, कारण ‘सिल्व्हर हेअर’वाली गोष्ट लोकांना जास्त माहीत आहे, आणि शिवाय म्हाताऱ्यांच्या गोष्टी आधीच ढीगभर आहेत.

हे कारण नीट बघा. त्याचा अर्धा भाग धंद्याचा आहे, बाजारात म्हाताऱ्या फार झाल्या. पण दुसऱ्या अर्ध्यात पुरावा आहे. मुलीची गोष्ट आधीपासून लोकांच्या तोंडी होती असं तो म्हणतो. म्हणजे कुंडॉलने मुलगी घडवली असं लिहिण्यापेक्षा ती पहिल्यांदा छापील कागदावर आणली असं लिहिणं जास्त बरोबर. वहीत मी दोन्ही वर्षांच्या रकान्यांत काय लिहिलं? छापल्याचं १८५०, ऐकल्याचं ‘त्याआधी’. एवढंच. जे माहीत नाही ते भरायचा मोह टाळायचा.

मग केसांचा रंग बदलत जातो: रुपेरी, १८५८ मध्ये ‘सिल्व्हर लॉक्स’, १८६८ मध्ये सोनेरी ‘गोल्डन हेअर’, आणि १९०४ च्या एका पुस्तकात, जॉन हॅसलच्या चित्रांसह, ‘लिटल गोल्डिलॉक्स’. रुपेरी केस छोट्या मुलीला कसे, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. कुणी म्हणेल, म्हातारीचे पांढरे केस मुलीच्या डोक्यावर राहून गेले. तर्क देखणा आहे, पण पुरावा काही नाही. अशा देखण्या तर्कांसाठी वहीच्या शेवटी एक वेगळं पान ठेवा. मुख्य रकान्यांत ते येऊ द्यायचे नाहीत.

तारखा लावताना एक अडचण हमखास येते. एकोणिसाव्या शतकातल्या मुलांच्या रंगीत पुस्तकांवर बहुतेकदा वर्षच छापलेलं नसतं. प्रकाशकाला पुस्तक पुढच्या नाताळातही नवं म्हणून विकायचं असे. ग्रंथालयाच्या नोंदीत वर्ष चौकोनी कंसात दिसलं तर समजा, ते पुस्तकावर नाही, नोंद करणाऱ्याने लावलेलं आहे. मग आपण काय बघायचं? प्रकाशकाचा पत्ता बघा, कारण मंडळी जागा बदलत आणि जुन्या निर्देशिकांत ते सापडतं. मुद्रकाचं नाव बघा. चित्रकार वॉल्टर क्रेनच्या पुस्तकांवर एडमंड इव्हान्स हे नाव दिसेल. लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करण्यात त्याचा हात धरणारा तेव्हा कुणी नव्हता. मागच्या पानावरची त्याच मालेतल्या पुस्तकांची यादी बघा. तिच्यात ज्या पुस्तकाचं वर्ष नक्की माहीत आहे ते असेल, तर आपलं पुस्तक त्याच्या आधीचं छापलेलं नाही. आणि पहिल्या कोऱ्या पानावर कुणा मावशीने शाईने ‘अमुकला, नाताळ, अमुक साल’ लिहिलं असेल तर लॉटरीच. फक्त त्या सालावरून पुस्तक त्याच्यानंतरचं नाही एवढंच सिद्ध होतं. मावशीने दहा वर्षं जुनं पुस्तकही दिलेलं असू शकतं.

ही पुस्तकं बघायला लंडनला जायला नको. फ्लोरिडा विद्यापीठाचं बाल्डविन ग्रंथालय आणि टोरांटो सार्वजनिक ग्रंथालयाचा ऑस्बर्न संग्रह, दोन्हीकडची बरीच पानं स्कॅन होऊन घरबसल्या दिसतात. मोबाइलवर बघू नका, चित्राचे कोपरे दिसत नाहीत. शाळेतला प्रोजेक्टर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

चित्रं वाचायची माझी पद्धत सोपी आहे. आधी मजकूर झाकायचा आणि फक्त चित्रांवरून गोष्ट सांगायची. मग चित्रं झाकून मजकूर वाचायचा. दोन्हींत जिथे फट पडेल तिथे कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. तीन अस्वलांत ही फट कुटुंबाच्या जागी आहे. इंग्रजी मजकुरात आई, बाप आणि पिल्लू स्थिरावायला १८७० चं दशक यावं लागलं, पण चित्रकार त्याच्या आधीपासूनच मधल्या अस्वलाला बायकी करू लागले होते. मजकूर म्हणतो ‘मधलं अस्वल’ आणि चित्रात मात्र त्याचं रूप घरधनिणीचं. शेवटी मजकूरच चित्राच्या मागे गेला.

याचं प्रात्यक्षिक मी सहावीच्या वर्गात केलं. सदीचा मजकूर मराठीत वाचून दाखवला, म्हातारीसकट, चित्र एकही न दाखवता, आणि अस्वलांचं घर काढा म्हटलं. मी मुद्दाम ‘थोरलं, मधलं, लहानगं’ एवढंच म्हणत होते. कागद गोळा केले तर जवळपास सगळ्यांनी आई, बाबा आणि बाळ काढलेलं. एकीने मधल्या अस्वलाला टिकली लावली होती आणि स्वयंपाकघरात उभं केलं होतं. तिला विचारलं, ही आई आहे हे कुणी सांगितलं? ती म्हणाली, “बाई, मधल्या मापाचं म्हटल्यावर आईच ना!” मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, की म्हातारीने नुसती लापशीच खाल्ली तर पोलिसात कशाला द्यायचं. त्यावर वर्गात जो वाद पेटला तो तास संपल्यावरही चालू होता. सदीलाही बहुतेक तो ऐकायला आवडला असता.

इतर भाषांतल्या आवृत्त्याही वहीत घ्या, कारण तिथे बदल लवकर आणि उघड दिसतात. लिओ टॉलस्टॉयने १८७५ च्या ‘नवी बाराखडी’ म्हणता येईल अशा आपल्या शालेय पुस्तकात ही गोष्ट घातली. त्यात बाप अस्वलाचं नाव मिखाईल इवानोविच, अस्वलीण नास्तास्या पेत्रोव्हना आणि पिल्लू मिशुत्का. अस्वलांना अगदी रीतसर रशियन नावं दिली, आणि घरात आलेली मुलगी मात्र नुसती ‘एक मुलगी’. वाडग्यांत लापशी नाही, रस्सा आहे. युरी वास्नेत्सोव्हच्या चित्रांची त्याची रशियन आवृत्ती इंग्रजीतून आपल्याकडेही पोचली होती. सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत ज्यांचं बालपण गेलं त्यांच्यापैकी काहींच्या माळ्यावर ती असेल. बघा शोधून.

आता हस्तलिखितं. छापील पुस्तकाच्या मागे हाताने केलेलं पुस्तक असू शकतं हे कायम मनात ठेवा, विशेषतः गोष्ट घरातल्या मुलासाठी केलेली असेल तर. सदीच गोष्टीचा कर्ता, हा समज १९५१ मध्ये कोसळला. टोरांटोच्या ऑस्बर्न संग्रहात एक घरगुती पुस्तक उजेडात आलं. एलिनॉर म्यूर नावाच्या बाईंनी १८३१ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे सदीच्या सहा वर्षं आधी, होरेस ब्रोक या भाच्याच्या वाढदिवसासाठी ते स्वतः लिहिलं आणि जलरंगांनी रंगवलं. गोष्ट पद्यात आहे.

त्यांची म्हातारी विनाकारण घरात शिरत नाही. ती शेजारधर्म म्हणून भेटायला गेलेली असते, अस्वलं तिला दाद देत नाहीत, म्हणून ती चिडते. वाडग्यांत दूध आहे. सापडल्यावर अस्वलं तिला आगीत टाकतात, ती जळत नाही. पाण्यात टाकतात, बुडत नाही. मग सगळ्या लोकांदेखत तिला सेंट पॉल चर्चच्या मनोऱ्यावर भिरकावून देतात. आणि हे भाच्याच्या वाढदिवसाला! मावशीने सुरेख जलरंगात रंगवलेलं! पूर्वी मुलांसाठी सगळं कसं गोड गोड होतं, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

म्यूरबाईंनी ते रचलं का? नाही, त्या स्वतःच ते गाजलेल्या जुन्या गोष्टीवरून पद्यात केल्याचं सांगतात. सदीही १८१३ पासून मित्रमंडळींत ही गोष्ट सांगत होता. दोघांचे झरे कुठून फुटले ते यापुढे कागदावर दिसत नाही. इथे कान लावावा लागतो.

आता कोल्हा. १८९४ साली लोककथा जमवणाऱ्या जोसेफ जेकब्सने ‘मोअर इंग्लिश फेअरी टेल्स’ काढलं, त्यात ‘स्क्रेपफूट’ नावाची गोष्ट आहे. तीन अस्वलं एका गढीत राहतात. आत शिरतो तो कोल्हा, दूध पितो, खुर्ची मोडतो, तिसऱ्या पलंगावर झोपतो. पकडल्यावर अस्वलं विचार करतात: फाशी द्यावी, की बुडवावं, की खिडकीतून फेकावं? शेवटी थोरलं अस्वल एका बाजूचे दोन पाय धरतं, मधलं दुसऱ्या बाजूचे, मागे-पुढे, मागे-पुढे झोका देतात आणि देतात सोडून. कोल्हा खाली पडल्यावर एकेक पाय झटकून मोडला नाही ना बघतो, शेवटी शेपूट हलवतो आणि पळतो.

ही गोष्ट जेकब्सला कुणी दिली? त्याच्या पुस्तकांची चित्रं काढणाऱ्या जॉन बॅटनने. बॅटनने ती एका बाईंकडून ऐकली आणि त्या बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी आपल्या आईकडून. जेकब्सने हे टिपांत लिहून ठेवलंय. म्हणजे छापल्याचं वर्ष १८९४, ऐकल्याचं साधारण १८५०. आता दोन रकान्यांचा उपयोग कळला असेल. नुसतं छापल्याचं वर्ष धरलं तर कोल्हा म्हातारीहून साठ वर्षांनी धाकटा ठरतो. काही अभ्यासकांना कोल्हाच थोरला वाटतो, कारण अस्वलाच्या बिळात शिरणारं जनावर ही कल्पना म्हातारीपेक्षा साधी आहे. मला हे पटतं. वहीत मात्र ते देखण्या तर्कांच्या पानावरच आहे.

लोककथांच्या जगात प्रत्येक साच्याला एक क्रमांक असतो. फिनलंडच्या आर्नेने १९१० मध्ये यादी सुरू केली, अमेरिकेच्या थॉम्प्सनने ती वाढवली, जर्मनीच्या उथरने २००४ मध्ये नव्याने लावली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एटीयू म्हणतात. तीन अस्वलं १७१, लाल टोपीवाली ३३३, सिंड्रेला ५१० अ. क्रमांक मिळाला की परकीय भाषांतल्या बहिणी पटापट सापडतात. पण साम्य दिसलं की नातं जोडायची घाई करू नका. ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या ‘हिमगौरी’त सात बुटके घरी येऊन विचारतात, माझ्या खुर्चीत कोण बसलं, माझ्या ताटलीतलं कुणी खाल्लं. अगदी अस्वलांसारखंच. तरी एकाने दुसऱ्याचं घेतलं असं म्हणायला अस्वलांच्या गोष्टीत दुसरा दुवा सापडत नाही. आगंतुकाने घर विस्कटलं आणि मालक ओळीने विचारू लागले, ही रचना सांगणाऱ्याला इतकी सोयीची आहे की ती दोनदा सुचू शकते.

ग्रिमबंधूंचं नाव निघालंच आहे तर चित्रांनी केलेल्या फसवणुकीबद्दलही सावध करते. त्यांच्या पहिल्या आवृत्तीत चित्रं नव्हती. १८२३ साली लंडनमध्ये त्यांच्या गोष्टींचं इंग्रजी भाषांतर जॉर्ज क्रुकशँकच्या मिश्कील चित्रांसह निघालं आणि धडाक्यात खपलं. मग १८२५ मध्ये ग्रिमांनी निवडक पन्नास गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, चित्रं त्यांच्याच भावाची, लुडविगची. लुडविगनेच डोरोथेआ फीमान या गोष्टी सांगणाऱ्या बाईंचं चित्र काढलं होतं. ते पुस्तकाच्या तोंडाशी आलं आणि बाई अस्सल जर्मन खेडुताचं प्रतीक झाल्या. प्रत्यक्षात त्या खानावळवाल्याची लेक, शिंप्याची बायको, आणि घराणं फ्रान्समधून आलेल्या ह्युगनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांचं. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या गोष्टींच्या १६९५ च्या हस्तलिखितातही, जे आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे, सुरुवातीला शेकोटीपाशी सूत कातत गोष्ट सांगणारी बाई रंगवली आहे, आणि लिहिणारे मात्र राजदरबारात वावरणारे. चूल, चरखा, म्हातारी असं चित्र तोंडाशी दिसलं की ते जाहिरात म्हणून बघा आणि सांगणाऱ्या माणसाचं खरं नाव-गाव शोधा.

याबाबतीत आपल्याकडचं एक पुस्तक फार प्रामाणिक आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी हिने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ काढलं, दख्खनच्या दौऱ्यात आपल्या आयेकडून, म्हणजे घरच्या दाईकडून ऐकलेल्या गोष्टींचं. चित्रं तिच्या बहिणीची, कॅथरिनची. आयेचं नाव ॲना लिबराटा डिसूझा, आणि पुस्तकात तिची स्वतःची हकिगतही छापली आहे: आजोबांकडचं घराणं लिंगायत, मूळचं कालिकतचं, मग गोव्याकडे आलेलं आणि तिथे ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिने आजीकडून ऐकलेल्या. मेमसाहेबांच्या इंग्रजीतून गेल्याने त्या हकिगतीचा आवाज किती तिचा राहिला हा प्रश्न आहेच, पण लंडनच्या मुलांच्या पुस्तकात तेव्हा एका आयेला स्वतःची पानं मिळाली. त्यातली सोदेवाबाईची गोष्ट वाचा, तिचा जडावाचा जोडा डोंगरावरून खाली पडतो आणि राजपुत्राला सापडतो. ५१० अ आठवतो ना?

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील तर ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’पासून सुरुवात करा. तिचा क्रमांक १२२ फ. तीन धागे मी हातात देते. फ्लोरा ॲनी स्टील, हो, त्याच, त्यांनी पंजाबात ऐकलेली ‘लॅम्बिकिन’. १८८४ च्या ‘वाइड अवेक स्टोरीज’मध्ये ती आहे. तिच्यात म्हातारी नाही, कोकरू आहे. ते आजीकडे जाऊन लठ्ठ होतं आणि ढोलकीत बसून घरंगळत परत येतं. १८९४ च्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’मध्ये ती लॉकवूड किपलिंगच्या चित्रांसह आहे. तिसरा धागा बंगालचा, उपेंद्रकिशोर रायचौधुरींचं १९१० चं ‘टुनटुनीर बोई’. तिथे कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि दुध्याच्या खोळीत बसून येते.

मग मराठीकडे या, आणि पुस्तकांच्या आधी माणसांकडे जा. चित्र दाखवायचं नाही, आधी फोनवर आवाज भरून घ्यायचा. सांगणारीचं वय, माहेर, तिने कुणाकडून ऐकली, एवढं लगेच लिहायचं. तूपरोटी खाते की आणखी काही? वाटेत आधी कोण भेटतं, कोल्हा की वाघ? भोपळ्यात बसायची कल्पना लेकीची की म्हातारीची? आणि शेवटी भोपळा फुटतो का, फुटला तर कुणामुळे? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आमच्या आईच्या गोष्टीत तो फुटतच नाही, आणि सासूबाईंच्या गोष्टीत कोल्हा तो फोडतो, म्हातारी मूठभर राख त्याच्या डोळ्यांत टाकते आणि घर गाठते.